विश्लेषण : कवठ दीडपट मोठे, मग गर चौपट कसा?

महाशिवरात्र जवळ आली की बाजारात कवठांचे ढीग दिसू लागतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड आणि शेजारची नृसिंहवाडी या भागाला तर कवठाचे विशेष कौतुक. दत्तदर्शनाला आलेली माणसे परतताना पेढे आणि बासुंदीबरोबर कवठाची बर्फीही बांधून नेतात. घरी चटणीसाठी किंवा बर्फीसाठी कवठ घ्यायचे तर ढिगासमोर एक प्रश्न हमखास पडतो. लहान चार घ्यावीत की मोठे एक? मोठ्याचा भाव दुप्पट सांगितला तर तो महाग म्हणायचा की स्वस्त?

हा प्रश्न घासाघिशीचा वाटतो, पण त्याचे उत्तर गणितात आहे. नववी-दहावीच्या पुस्तकात येणारे गोलाच्या घनफळाचे सूत्र इथे थेट उपयोगी पडते. आणि एकदा ते समजले की द्राक्षाचे मणी, गारपीट, सोनोग्राफीचा अहवाल, एवढेच काय कुरुंदवाडच्या वेटलिफ्टरांची पदके यांच्याकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते.

नेमका प्रश्न काय आहे?

समजा, ढिगातून दोन कवठे उचलली. एकाचा व्यास ६ सेंटिमीटर, दुसऱ्याचा ९ सेंटिमीटर. शेजारी शेजारी ठेवली तर दुसरे पहिल्याच्या दीडपट दिसते. साहजिकच मनात हिशेब होतो की दीडपट मोठे आहे, तर दीडपट किंवा फार तर दुप्पट पैसे योग्य.

इथेच चूक होते. दीडपट झाला आहे तो फक्त व्यास, म्हणजे एक लांबी. आपण विकत घेतो ती लांबी नव्हे; आपण घेतो फळाच्या आत मावणारा ऐवज, म्हणजे घनफळ. लांबी दीडपट झाली तर घनफळ किती पट होते, हा खरा प्रश्न.

सूत्र काय सांगते?

गोलाच्या मध्यबिंदूपासून पृष्ठभागापर्यंतचे अंतर म्हणजे त्रिज्या, व्यासाच्या निम्मी. सूत्र असे :

घनफळ = ४/३ × पाय × त्रिज्या × त्रिज्या × त्रिज्या

यात पाय म्हणजे सुमारे ३.१४१६. चार-तृतीयांश आणि पाय हे दोन्ही आकडे कायम तेच राहतात, त्यामुळे त्यांचा गुणाकार सुमारे ४.१९ एकदाच करून ठेवता येतो. बदलते ती फक्त त्रिज्या, आणि ती तीनदा गुणली जाते. सगळी गंमत या ‘तीनदा’मध्ये आहे.

त्रिज्या एकेक सेंटिमीटरने वाढवत नेली तर घनफळ असे वाढते :

त्रिज्या १ सेंमी : ४.२ घन सेंमी
त्रिज्या २ सेंमी : ३३.५ घन सेंमी
त्रिज्या ३ सेंमी : ११३.१ घन सेंमी
त्रिज्या ४ सेंमी : २६८.१ घन सेंमी
त्रिज्या ५ सेंमी : ५२३.६ घन सेंमी

पहिल्या सेंटिमीटरला ४.२ घन सेंटिमीटर मिळाले, तर चारवरून पाचवर जाताना एकाच पावलात २५५ हून अधिक. त्रिज्या दुप्पट केली की घनफळ आठपट, तिप्पट केली की सत्तावीसपट.

आता आपली दोन कवठे. लहानाची त्रिज्या ३ सेंटिमीटर, घनफळ ११३ घन सेंटिमीटर. मोठ्याची त्रिज्या साडेचार सेंटिमीटर, घनफळ सुमारे ३८२ घन सेंटिमीटर. म्हणजे दीडपट दिसणारे फळ प्रत्यक्षात ३.३७५ पट, सव्वातीनपटीहूनही जास्त मोठे आहे. हाच आकडा सूत्राशिवायही मिळतो : दीड गुणिले दीड गुणिले दीड.

मग गर चौपट कसा?

आतापर्यंतचा हिशेब पूर्ण फळाचा झाला. पण कवठाचे कवच टणक आणि लाकडासारखे असते. ते फोडून फेकूनच द्यायचे. खायला उरतो तो आतला गोल.

समजा, दोन्ही फळांचे कवच ४ मिलिमीटर जाड आहे. मग लहान फळातील गराच्या गोळ्याची त्रिज्या ३ वरून २.६ सेंटिमीटर होते आणि त्याचे घनफळ ७३.६ घन सेंटिमीटर. मोठ्या फळात त्रिज्या ४.५ वरून ४.१ आणि घनफळ २८८.७ घन सेंटिमीटर. भागाकार केला तर उत्तर येते ३.९२, म्हणजे जवळपास चौपट.

याचे कारण सोपे आहे. कवचाची जाडी दोघांनाही सारखीच, पण लहान फळाला ती जास्त जड जाते. लहान कवठाच्या घनफळापैकी ६५ टक्के गर, बाकी ३५ टक्के कवच. मोठ्यात गर जवळपास ७६ टक्के, कवच २४ टक्के. म्हणून मोठे फळ दोन बाजूंनी फायद्याचे ठरते. एक तर ते एकूणच सव्वातीनपटीहून मोठे असते आणि त्यातला वाया जाणारा वाटाही कमी असतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. कवठे नगावर मिळत असतील, तर ६ सेंटिमीटरची चार कवठे मिळून २९४ घन सेंटिमीटर गर निघेल. ९ सेंटिमीटरच्या एकाच कवठातून २८९. म्हणजे मोठ्याची किंमत लहानाच्या दुप्पट किंवा तिप्पट असली तरी मोठेच घ्यावे. चौपट झाली तर दोन्ही सौदे सारखे. चौपटीच्या वर गेली तरच लहानांकडे वळावे.

अर्थात, फळ साच्यातून काढलेले नसते. कुठे ते थोडे चपटे, कुठे कवच जाड, गरातही बिया आणि धागे. पक्वता आणि चव हा वेगळाच विषय. तरीही दोन फळांचा आकार साधारण सारखा असेल तर हा हिशेब फारसा चुकत नाही.

डोळा का फसतो?

समोर ठेवलेले फळ आपल्याला दिसते ते एका चकतीसारखे. त्याची रुंदी डोळा चटकन टिपतो. फार तर चकतीचे क्षेत्रफळ जाणवते आणि ते दीडपट व्यासाला सव्वादोनपट होते. पण फळ समोरून मागेही तेवढेच पसरलेले असते. ती तिसरी दिशा नजरेला दिसत नाही, म्हणून हिशेबात धरली जात नाही.

नियम एका ओळीत सांगायचा तर : लांबी जितकी पट वाढेल, क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने आणि घनफळ त्याच्या घनाने वाढते. हा नियम केवळ गोलाला नव्हे, आकार तोच ठेवून लहान-मोठ्या केलेल्या कोणत्याही वस्तूला लागू आहे.

त्रिज्या जराशीच वाढली तर?

दुप्पट-तिप्पट हे मोठे बदल झाले. प्रत्यक्षात फळ वाढते ते मिलिमीटरा-मिलिमीटराने. अशा वेळी घनफळ किती वाढते हे समजण्यासाठी कांदा डोळ्यांसमोर आणावा. कांद्यावर आणखी एक पातळ पापुद्रा चढला, तर वाढलेले घनफळ म्हणजे त्या पापुद्र्याचे घनफळ. आणि पापुद्र्याचे घनफळ म्हणजे कांद्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले पापुद्र्याची जाडी.

गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ४ × पाय × त्रिज्या × त्रिज्या असते. तेव्हा कोणत्याही क्षणी गोलाचे घनफळ किती वेगाने वाढते आहे याचे उत्तर आहे : त्याच्या पृष्ठभागाइतक्या. कलनशास्त्रात घनफळाच्या सूत्राचे विकलन केले की पृष्ठफळाचे सूत्र मिळते, ते याच कारणाने.

आकड्यात पाहू. ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या फळाचे पृष्ठफळ ११३.१ चौरस सेंटिमीटर. (या त्रिज्येला पृष्ठफळ आणि घनफळ यांचे आकडे योगायोगाने सारखे येतात, एकके मात्र वेगळी.) त्याची त्रिज्या १ मिलिमीटरने, म्हणजे ०.१ सेंटिमीटरने वाढली तर घनफळ ११.३ घन सेंटिमीटरने वाढेल असा अंदाज निघतो. नेमकी वाढ ११.७ आहे. साडेचार सेंटिमीटर त्रिज्येच्या फळात तोच एक मिलिमीटर २६ घन सेंटिमीटरची भर घालतो. मिलिमीटर तोच, भर दुपटीहून जास्त.

टक्केवारीत बोलायचे तर त्रिज्या १ टक्का वाढली की घनफळ सुमारे ३ टक्के वाढते. वाढ मोठी असेल तर तिपटीपेक्षाही पुढे जाते : १० टक्के वाढीला ३३ टक्के, २० टक्क्यांना ७३ टक्के. आणि घनफळ दुप्पट करायला त्रिज्या दुप्पट लागत नाही, अवघी २६ टक्के वाढ पुरते.

लग्नघरी किंवा महाप्रसादाला लाडू वळणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. शंभर लाडवांचे मिश्रण तयार आहे आणि वळणाऱ्या हाताने लाडू फक्त १० टक्के रुंद केला, तर शंभराऐवजी ७५ लाडूच होतात. ताटात लाडू मोठा झाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. पंगतीत मात्र पंचवीस लाडू कमी पडतात.

हे सूत्र आपल्याकडे कधीपासून माहीत आहे?

गोलाचे घनफळ काढणे सोपे नव्हते. ठोकळ्याची लांबी, रुंदी, उंची मोजता येते. गोलाला ना कोपरा ना कड. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक गणिती आर्किमिडीज याने दाखवून दिले की गोल ज्या नळकांड्यात अगदी घट्ट बसतो, त्या नळकांड्याच्या दोन-तृतीयांश घनफळ गोलाचे असते.

भारतात इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’मध्ये गोलाच्या घनफळाचा नियम आहे. मधोमध कापल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ घ्यावे आणि त्याला त्याच्याच वर्गमुळाने गुणावे, असा त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. पण हे उत्तर बरोबर येत नाही. आपल्या ६ सेंटिमीटर व्यासाच्या कवठाला या नियमाने १५० घन सेंटिमीटर घनफळ मिळते; खरे आहे ११३. म्हणजे जवळपास एक-तृतीयांश जास्त. पायची इतकी अचूक किंमत देणाऱ्या आर्यभटांनाही गोलाने चकवले, यावरून प्रश्नाची अवघडता कळते.

अचूक नियम मिळतो तो भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग मानला जातो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणादेवी इथे त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

लीलावतीतील रीत तीन पायऱ्यांची आहे. परीघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ. त्याची चौपट केली की चेंडूचे पृष्ठफळ. त्याला व्यासाने गुणून सहाने भागले की चेंडूचे घनफळ. ६ सेंटिमीटरच्या कवठावर ही रीत चालवून पाहता येते. परीघ १८.८५, गुणिले दीड म्हणजे २८.२७; चौपट केली की ११३.१, गुणिले ६, भागिले ६, उत्तर पुन्हा ११३.१. आजच्या सूत्राशी तंतोतंत जुळते.

सहाने का भागायचे, याचे स्पष्टीकरणही भास्कराचार्यांनी दिले आहे. गोलाच्या पृष्ठभागाचे बारीक बारीक तुकडे कल्पावेत. प्रत्येक तुकडा हा एकेका सुळक्याचा तळ आणि त्या सुळक्याचे टोक गोलाच्या मध्यबिंदूपाशी. अशा सुळक्याचे घनफळ तळाच्या क्षेत्रफळाला उंचीच्या तिसऱ्या भागाने गुणून मिळते. उंची म्हणजे इथे त्रिज्या, अर्थात अर्धा व्यास. अर्ध्याचा तिसरा भाग म्हणजे सहावा भाग. सगळे सुळके एकत्र केले की पूर्ण गोल.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय?

शिरोळपासून मिरज-तासगावपर्यंतच्या पट्ट्यात द्राक्षबागायतदार मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. निर्यातीच्या मालाची प्रतवारी ठरवताना मण्याचा व्यास पाहिला जातो. १६ मिलिमीटरचा मणी १८ मिलिमीटर झाला, तर वाढ केवळ २ मिलिमीटरची, टक्क्यात साडेबारा. पण मणी सगळ्या बाजूंनी सारखाच वाढला असेल, तर त्याचे घनफळ, आणि म्हणून जवळजवळ वजनही, ४२ टक्क्यांनी वाढते. मणी लांबट असला तरी आकार तसाच राहिला तर हिशेब बदलत नाही. घडात मणी तितकेच असताना वजन इतके वाढत असेल, तर विरळणी आणि पाण्याच्या नियोजनावर बागायतदार एवढी मेहनत का घेतो हे वेगळे सांगायला नको.

याच गणिताची दुसरी बाजू भीतीदायक आहे. ती म्हणजे गारपीट. १ सेंटिमीटर व्यासाच्या गारेचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. २ सेंटिमीटरच्या गारेचे आठपट, म्हणजे जवळपास पावणेचार ग्रॅम. ४ सेंटिमीटरची गार ३० ग्रॅमच्या घरात जाते.

नुकसान मात्र केवळ वजनाने होत नाही, वेगानेही होते. गारेला खाली ओढणारे वजन घनाने वाढते, तर तिला अडवणारा हवेचा विरोध तिच्या समोरच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाने वाढतो. त्यामुळे मोठी गार जास्त वेगाने पडते. व्यास दुप्पट झाला तर वेग सुमारे १.४ पट होतो. माराची ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. आठ गुणिले दोन म्हणजे सोळा. ‘गारा जरा मोठ्या होत्या’ या वाक्यातला ‘जरा’ बागेच्या दृष्टीने सोळापट ठरू शकतो.

वैद्यकीय अहवाल वाचताना काय लक्षात ठेवावे?

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या अहवालात गाठीचा आकार बहुधा मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीत दिलेला असतो. २० मिलिमीटरची गाठ २५ मिलिमीटर झाली, असे वाचल्यावर पाचच मिलिमीटर वाढ वाटते. गाठ साधारण गोल असेल तर तिचे घनफळ या काळात जवळपास दुप्पट, १.९५ पट झालेले असते.

कर्करोगाच्या उपचारांचा परिणाम मोजण्यासाठी जगभर ‘रेसिस्ट’ नावाचे निकष वापरले जातात. त्यात ठरवलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान २० टक्के वाढली तर आजार वाढला असे धरतात आणि किमान ३० टक्के घटली तर उपचाराला अंशतः प्रतिसाद मिळाला असे मानतात. गोलाच्या हिशेबाने पाहिले तर २० टक्के वाढ म्हणजे घनफळात ७३ टक्के वाढ. उलट ३० टक्के घट म्हणजे गाठीचा केवळ ३४ टक्के भाग शिल्लक. दोन-तृतीयांश गाठ गेलेली. त्यामुळे ‘तीसच टक्के कमी झाली’ म्हणून खचण्याचे कारण नाही.

मात्र हे गणित अहवाल समजून घेण्यापुरते. गाठी नेहमी गोल नसतात, मोजणीत एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि घनफळात तोच फरक तिप्पट होऊन उमटतो. निष्कर्ष डॉक्टरांनीच काढायचा.

कुरुंदवाडच्या पदकांशी याचा संबंध कसा?

कुरुंदवाडची ओळख आज वेटलिफ्टरांचे गाव अशीही आहे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत या एका छोट्या शहरातील तिघांनी कांस्यपदके जिंकली. ५६ किलो गटात गणेश माळी याने स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून २४४ किलो वजन उचलले. ६९ किलो गटात ओंकार ओतारी याने २९६, तर ९४ किलो गटात चंद्रकांत माळी याने ३३८ किलो.

या आकड्यांत गोलाचा नियम लपलेला आहे. शरीराचे वजन घनफळाबरोबर, म्हणजे घनाने वाढते. स्नायूची ताकद मात्र त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाने वाढते, कारण ओढणारे तंतू त्या छेदात शेजारी शेजारी असतात. म्हणून वजनाने मोठा खेळाडू जास्त वजन उचलतो, पण शरीराच्या वजनाच्या प्रमाणात नव्हे.

५६ आणि ९४ किलोची तुलना करू. शरीराचे वजन १.६८ पट. ताकदही तितकीच पट वाढली असती, तर २४४ चे ४१० किलो व्हायला हवे होते. ताकद छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढते असे धरले तर पट येते १.४१ आणि अपेक्षित वजन ३४५ किलो. चंद्रकांत माळी याने प्रत्यक्षात उचलले ३३८. नियमाच्या अंदाजापासून अवघे सात किलो दूर!

६९ किलो गटासाठी हाच अंदाज २८० किलोचा निघतो. ओंकार ओतारी त्याच्या १६ किलो पुढे गेला. म्हणजे नियम सर्वसाधारण कल सांगतो, खेळाडूची मेहनत आणि तंत्र नाही. पण गटाच्या वजनमर्यादेने भागून पाहिले तर उतरता क्रम स्पष्ट दिसतो : ५६ किलो गटात शरीराच्या प्रत्येक किलोमागे ४.३६ किलो, ६९ किलो गटात ४.२९ आणि ९४ किलो गटात ३.६०. वेटलिफ्टिंगमध्ये वजनगट का असतात आणि वेगवेगळ्या गटांतील खेळाडूंची तुलना करायला सरळ भागाकार का चालत नाही, याचे उत्तर इथे मिळते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, हे याच नियमाने समजावले होते.

घरच्या घरी कसे पडताळायचे?

यासाठी दोन लहान-मोठी कवठे, दोरा, मोजपट्टी आणि मापाचे भांडे पुरते.

पहिली पायरी : फळाच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे, म्हणजे व्यास मिळेल. दोरा १९ सेंटिमीटरच्या आसपास भरला तर फळ ६ सेंटिमीटरचे, २८ च्या पुढे भरला तर ९ सेंटिमीटरचे.

दुसरी पायरी : व्यास निम्मा करून त्रिज्या काढावी, ती तीनदा गुणावी आणि उत्तराला ४.१९ ने गुणावे. हा झाला कागदावरचा अंदाज.

तिसरी पायरी : काठोकाठ भरलेले पातेले परातीत ठेवून फळ पाण्यात पूर्ण बुडवावे. ते तरंगू लागले तर काडीने खाली दाबावे, बोटे पाण्यात जाऊ देऊ नयेत. परातीत सांडलेले पाणी मापाच्या भांड्याने मोजावे. जितके मिलिलिटर पाणी, तितके घन सेंटिमीटर घनफळ.

शेवटी कवठ फोडून गर वेगळा काढावा आणि दोन्ही फळांचा गर वजनकाट्यावर ठेवावा. मोठ्या फळाचा गर लहानाच्या किती पट भरतो, ते लिहून ठेवावे. पुढच्या बाजारी मोठ्या कवठाला किती पैसे द्यायचे, हे त्याच आकड्यावरून ठरवता येईल.